ब्लिओबाईची भानगड

"ताई, आमच्या पोराला पाण्यात बुडी मारायला बंदी केलीय डॉक्टरांनी. आता बोला!"

मी कढीपत्ता ओरबाडत होते. नलूवहिनींची बातमी नेहमी अशीच येते, शेपटाकडून. कोण, कुठला, कशासाठी हे आपण ओढून बाहेर काढायचं. पानं सुपात टाकली आणि कुंपणाशी गेले. आमच्या चिंचवडच्या या रांगेत दोन घरांच्या मध्ये भिंत नाही, काटेरी तारेच्या तीन ओळी आहेत, वीस पावसाळे खाऊन गंजलेल्या. त्यांच्यावर वहिनींचे टॉवेल वाळतात आणि माझी सकाळ जाते.

"कुठला पोरगा? कसली बुडी?"

"अहो, माझा भाचा, मिरजेचा. तो नाही का, आमच्याकडे राहून केमो घेतली, हॉजकिन झालं होतं ते. आता ठणठणीत आहे. मित्र चाललेत मालवणला, ते स्कूबा का काय करायला. तिथल्या फॉर्मवर लिहायचं असतं म्हणे, आधी काय आजार झालाय. म्हणून याने विचारलं डॉक्टरांना. तर म्हणाले, थांब, आधी फुफ्फुसं तपासू, तुला ब्लिओमायसिन दिलेलं आहे. तीन वर्षं झाली त्याला! गाठ होती मानेत. मान कुठे, समुद्र कुठे?"

"दिलं होतं ना पण?"

"दिलं होतं. म्हणून काय तीन वर्षं अंगात बसून राहतं का औषध?"

"छे. बरंचसं चोवीस तासांत लघवीवाटे गेलं असणार."

"मग?"

"मग काय, पाहुणी गेली तरी घर कसं ठेवून गेली ते बघायला नको?"

वहिनींनी टॉवेल बाजूला सारला. पाहुणी म्हटलं की त्यांना ऐकायला जास्त येतं. आणि खरं सांगते, मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, पण ब्लिओमायसिनची गोष्ट वर्गापेक्षा कुंपणावरच जास्त शोभते. फळ्यावर काढायला घेतला तर खडू संपेल असा लांबलचक रेणू. गुण मात्र गल्लीतल्या एखाद्या वस्ताद बाईसारखे. स्वतःच्या घरून हत्यार आणायचं नाही. ज्याच्या घरी गेली त्याच्याच घरातलं लोखंड उचलायचं, त्याच्याच दारातली हवा घ्यायची आणि त्याचंच कुंपण तोडून बसायचं.

"ते वळ आठवतात का तुम्हाला?" मी विचारलं.

वहिनींनी जीभ चावली. आठवणारच. केमो सुरू झाल्याच्या दुसऱ्या महिन्यात पोरगा मागच्या नळावर शर्ट काढून तोंड धूत होता, आणि पाठीवर तपकिरी रेघा, एकमेकींवरून गेलेल्या. कुणीतरी चाबूक ओढावा तशा. दोन दिवसांत रांगेत तीन कहाण्या तयार. बापाने पट्ट्याने फोडला, पोरगा कुठल्या तरी नादाला लागलाय, आणि तिसरी वहिनींच्या स्वतःच्या जावेची होती, ती इथे लिहीत नाही.

"मी आठ दिवस कैलास जीवन चोळलं हो त्याला. रात्री उशाशी बसून."

"ते ब्लिओचेच वळ. कातडीत साठते ती. पुस्तकात त्या रेघांचं नावच चाबकावरून पडलंय. काही जणांना उठतात, काहींना नाही. खाजवलं तिथे जास्त उमटतात."

"म्हणजे दादाने मारलं नव्हतं?"

"तुम्हाला अजून शंका होती?"

वहिनी गप्प. मग म्हणाल्या, "तेव्हाच का नाही सांगितलंत?" आता मला तेव्हा कुणी विचारलं होतं का?

"बरं, पण ही ब्लिओ म्हणजे चारातली कुठली? लाल होती ती? लाल गेली की पोराची लघवी लाल व्हायची, मी घाबरून डॉक्टरांना फोन केला होता."

"लाल ती ए. अ‍ॅड्रियामायसिन. बी म्हणजे आपली ब्लिओ. डी म्हणजे डॅकार्बाझिन. आणि व्ही, म्हणजे विनब्लास्टिन, ती कुठली माहितीये? खाली बघा."

त्यांच्या पायाशी, तारेच्या खालच्या ओळीला टेकून, सदाफुली फुललेली. वहिनी रोज देवाला तोडतात ती.

"हीच?"

"हीच. या चौघींची मोट मिलानच्या बोनाडोना नावाच्या डॉक्टरांनी सत्तरच्या दशकात बांधली. एबीव्हीडी. अजूनही हॉजकिनला ती देतात."

वहिनींनी सदाफुलीकडे नव्या नात्याच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "आणि ब्लिओ? तीही कुणाच्या परसातली?"

"ती कोळशाच्या खाणीतली."

इथे मला थोडं माहेरी जाऊन यावं लागतं. आमचे अप्पा पिंपरीच्या एचएत होते, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, फर्मेंटेशनला. कारखाना 1954 चा. घरी आले की अंगाला आंबट-ओला वास यायचा, आणि आई म्हणायची, पेनिसिलिन आलं, पाणी ठेवा. मातीत औषध असतं हे मला शाळेत कळायच्या आधी अप्पांकडून कळलं. एचएतल्याच थिरुमलाचार यांच्या चमूने बुरशीवरचं हमायसिन शोधलं, ते इथल्याच मातीतल्या जंतूपासून. त्या जंतूचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपलं पिंपरी लॅटिन होऊन बसलं, आणि पिंपरीत किती जणांना पत्ता आहे? पहिल्या पावसाला मातीचा जो वास सुटतो ना, तोही याच घराण्याचा उद्योग. हे जंतू दिसायला बुरशीसारखे धागे धरतात, पण आहेत जीवाणू.

तर जपानात टोकियोला हमाओ उमेझावा म्हणून संशोधक होते. त्यांना अशी माती गोळा करायचा नादच. 1957 मध्ये त्यांनी कानामायसिन काढलं, ते टीबीवरही चाललं. त्याच्या आधी वर्षभर त्यांना फ्लिओमायसिन मिळालं होतं. उंदरांच्या गाठी त्याने विरघळायच्या, पण मूत्रपिंडं बिघडायची. थोरलीचं जमलं नाही. मग फुकुओकाकडच्या एका कोळशाच्या खाणीतल्या मातीतून स्ट्रेप्टोमायसिस व्हर्टिसिलस हा जंतू हाती आला, आणि त्याने केलेल्या मिश्रणातून 1966 मध्ये ही धाकटी बाहेर पडली. थोरलीसारखीच चेहरेपट्टी, मूत्रपिंडाशी मात्र बरी वागणारी.

"आणि रंगाने?"

"निळी."

"निळी? पोराला दिली ती तर पाण्यासारखी होती."

"बरोबर. मातीतून काढली तेव्हा तिच्या हातात तांबं होतं. जंतू वाढवायच्या काढ्यात तांब्याचा अंश असेल तेवढा ही गोळा करून बसते. तांब्याने निळी. मोरचूद बघितलाय ना, तसला रंग. कारखान्यात ते तांबं काढून घेतात, मग पांढरट पूड उरते. तीच बाटलीत."

माझी भाची पाषाणला एका प्रयोगशाळेत आहे. ती सांगते, त्यांच्याकडे याच घराण्यातलं एक रसायन येतं, ते मात्र तांब्यासकटच, निळं. पेशींमध्ये आपण घातलेला जीन शिरला की नाही हे बघायला वापरतात. ज्या पेशीकडे बचावाचा जीन आहे तीच जगते. आणि तो बचावाचा जीन कुठून आणला? स्ट्रेप्टोअ‍ॅलोटायकस हिंदुस्तानस नावाच्या जंतूकडून. हा ब्लिओच्या एका चुलतबहिणीला, टॅलिसोमायसिनला, जन्म देतो. स्वतः इतकं धारदार काही बनवायचं म्हणजे स्वतःचं कापून घ्यायची भीती. म्हणून हा जंतू एक प्रथिनही बनवतो, ते औषधाला घट्ट धरून ठेवतं. विळी वापरून झाली की पातं आडवं करून ठेवतो ना आपण, तसं. जगभरच्या प्रयोगशाळांच्या बाटल्यांवर हिंदुस्तानचं आद्याक्षर लिहिलेलं असतं आणि आपल्याला सदाफुलीसुद्धा माहीत नसते, हे मी वहिनींना उगाचच ऐकवलं. त्यांनी सोडून दिलं.

"ते कुंपण तोडायचं काय म्हणत होतात?"

"हे बघा." मी तारेची मधली ओळ धरली. "ही एक तार आहे का?"

"एकच की."

"नीट बघा. दोन आहेत. एकमेकींभोवती पिळलेल्या. डीएनए असंच असतं, दोन पदर, पिळलेले. प्रत्येक पदर साखर, फॉस्फेट, साखर, फॉस्फेट असा ओवलेला. आत दोन पदरांना जोडणाऱ्या पायऱ्या, चार अक्षरांच्या. ए, टी, जी, सी. पेशीचा सगळा कारभार त्या अक्षरांत. आणि पिळामुळे बाहेरून दोन खाचा पडतात, एक रुंद, एक अरुंद."

वहिनींनी बोटाने पीळ चाचपला. गंज बोटाला लागला, त्यांनी टॉवेलला पुसला, मग कळलं की टॉवेल धुतलेला होता.

"आता ही ब्लिओ. तिला डोकं आहे आणि शेपूट आहे. मध्ये दोन साखरा लोंबतात, पेशीची ओळख पटवायला त्या उपयोगी पडतात असं दिसतं. शेपटाकडे दोन चपट्या चकत्या आणि टोकाला धन भार. डीएनएवर सगळा ऋण भार. म्हणजे ओढ आपोआप. शेपूट पायऱ्यांच्या मध्ये सरकवून ही बूड टेकते आणि डोकं अरुंद खाचेत घालते. डोक्यात पाच नायट्रोजन, पाच बोटांसारखे वळलेले. त्या मुठीत धातू बसतो."

"तांबं तर काढून घेतलं म्हणालात."

"रक्तात शिरल्यावर तांबं पुन्हा गाठतं तिला, असं मानतात. पण पेशीच्या आत गेल्यावर ते सुटतं आणि तिच्या हाताला लागतं लोखंड. आपलंच. खजूर-गूळ खाऊन मिळवलेलं. मुठीत पाच बाजूंनी लोखंड धरलं, सहावी बाजू मोकळी. तिथे येऊन बसतो ऑक्सिजन."

"अगंबाई."

"आणि लोखंडाला ऑक्सिजन भेटला की काय होतं?"

वहिनींनी टॉवेलवरचा डाग बघितला. "गंज."

हा क्षण मला वर्गात तीस वर्षांत फार वेळा मिळाला नाही.

अर्थात हा गंज साधा नाही. साधा गंज वीस पावसाळे घेतो. इथे लोखंडाला एक जादा इलेक्ट्रॉन मिळाला की लोखंड-ऑक्सिजनची ती जोडी अशी काही पेटते की समोर येईल त्याचा हायड्रोजन हिसकावते. समोर कोण असतं? डोकं अरुंद खाचेत, म्हणजे समोर साखर. तिचा चौथा कार्बन, त्यावरचा एकुलता एक हायड्रोजन. तेवढाच घेते ती. साडीच्या फॉलचा एक टाका कुणी ओढावा, तेवढंच. पण तो गेला की तिथे पुन्हा ऑक्सिजन शिरतो, साखरेचं कडं फुटतं आणि पदर तुटतो.

"कुठलाही पदर? दिसेल तिथे?"

"नाही, तिथे ती चोखंदळ आहे. जी हे अक्षर शोधते. जी-च्या एका बाजूला तिच्या डोक्याला धरायला नीट जागा आहे. मग जी-च्या पुढे सी किंवा टी असेल तर त्या पुढच्या घराची साखर फोडते. ओळख जी-शी, भुर्दंड शेजाऱ्याला."

वहिनींनी अर्थपूर्ण नजरेने सात नंबरच्या घराकडे बघितलं. मी विषय वाढवला नाही.

लोखंड आणि हवा दोन्ही लागतात, हे 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. लोखंड पकडून ठेवणारं रसायन घाला, ब्लिओ नुसती बसून राहते. नंतर हॉर्विट्झबाईंनीच टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं दुसरं औषध कसं काम करतं ते उलगडलं. पुढे अमेरिकेतच एमआयटीत जोअ‍ॅन स्टब यांनी तो एक हायड्रोजन नक्की कुठला, हे वर्षानुवर्षं खपून काढलं. 2008 मध्ये ब्लिओ डीएनएवर प्रत्यक्ष बसलेली असतानाचं स्फटिकातलं चित्र आलं. त्यात तिच्या मुठीत कोबाल्ट होतं. लोखंड फोटोला स्थिर बसत नाही, चुळबुळ करतं. म्हणून त्याच्या जागी गप्प बसणारा धातू बसवला.

"पण ताई, एक तार तुटली तर काय बिघडतं? ते बघा ना, शेवग्याजवळ."

शेवग्याजवळ खरंच पिळातली एक तार कधीची तुटली आहे. ओळ मात्र उभी आहे, दुसऱ्या तारेच्या जिवावर. तिथून चार हातांवर केबलवाल्या मुलाने गेल्या वर्षी पक्कड चालवली ती दोन्हींवर. तेव्हापासून ती ओळ लोंबते आणि रात्री डुकरं येतात.

"तेच तर. एक पदर तुटला तर पेशी दुसऱ्या पदराकडे बघून दुरुस्त करते. दोन्ही समोरासमोर तुटले की बघायला काही उरत नाही. ब्लिओ बहुतेक वेळा एकच तोडते. पण अधूनमधून, पहिला पदर तोडल्यावर ती उठतच नाही. शेपूट तिथेच, नुसती कूस बदलते, पुन्हा ऑक्सिजन घेते आणि समोरचा पदर तोडते. एकटीने दोन्ही. ही तिची खरी करामत."

"बाई बाई बाई."

"आणि तोडलेलं टोक स्वच्छ नसतं. फुटक्या साखरेचा एक तुकडा टोकाला चिकटून राहतो. पेशीला आधी तो साफ करावा लागतो, मगच जोड. भराभर वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशीला एवढी उसंत कुठली? फाटकी दप्तरं घेऊनच विभागणी करायला जाते आणि मरते."

"मग चांगल्या पेशींचं?"

"आता तुम्ही मालवणला पोचलात."

आमचे अण्णा, म्हणजे वहिनींचे यजमान, आतून "चहा झाला का" म्हणाले. वहिनींनी "ठेवलाय" म्हणून ठोकून दिलं. चहा ठेवलेला नव्हता.

बहुतेक अवयवांकडे ब्लिओचा बंदोबस्त असतो. एक विकर आहे, ब्लिओमायसिन हायड्रोलेज. ते तिच्या मुठीतला एक सांधाच मोडतं. सांधा मोडला की धातूवरची पकड बिघडते, आणि धातू नाही तर ती निरुपद्रवी. यकृतात ते भरपूर. रक्त बनवणाऱ्या मज्जेवरही तिचा फारसा जोर चालत नाही, म्हणून तर पांढऱ्या पेशी पाडणाऱ्या इतर औषधांच्या जोडीला तिला घेता येतं. पण दोन ठिकाणी ते विकर कमी. कातडी आणि फुफ्फुसं.

"वळ!"

"हो. कातडीवर वळ उठले, ते दिसले तरी. फुफ्फुसात काय उठलं ते दिसत नाही. आणि फुफ्फुस म्हणजे ऑक्सिजनचं कोठार. ब्लिओला आणखी काय हवं? तिथल्या नाजूक पेशी दुखावतात, सूज येते, आणि काही जणांत पुढे व्रण धरतात, फुफ्फुस ताठ होतं. म्हणून आयुष्यभरात एकूण 400 युनिटच्या पुढे जायचं नाही अशी सर्वसाधारण मर्यादा ठेवलीय. आणि म्हणून दर वेळी डॉक्टर विचारायचे ना, जिना चढताना दम लागतो का, कोरडा खोकला आहे का?"

"मला वाटायचं गप्पा मारतायत."

"1978 मध्ये न्यूयॉर्कमधल्या भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पाच रुग्ण नोंदवले. तरुण माणसं, वृषणाच्या कॅन्सरची, ब्लिओ घेतलेली. गाठी काढायचं ऑपरेशन नीट झालं, आणि काही दिवसांत श्वास बसला. पाचही गेले. पुढच्या बारा जणांना त्यांनी ऑपरेशनच्या वेळी साध्या हवेइतकाच ऑक्सिजन दिला, सलाइनही हात राखून. बाराही वाचले. पुढे दुसऱ्यांनी तपासलं, ते म्हणाले दोष ऑक्सिजनपेक्षा जास्त गेलेल्या सलाइनचा असावा. भांडण मिटलेलं नाही. पण तुमच्या भाच्याचं उद्या अपेंडिक्सचं ऑपरेशन करायची वेळ आली, तर भूल देणाऱ्याला पहिलं वाक्य हेच सांगायचं, ब्लिओमायसिन घेतलेलं आहे. सुनेलाही सांगून ठेवायचं."

"सून अजून कुठेय."

"येईल तेव्हा."

"पण समुद्रात कुठलं सलाइन आणि कुठली भूल? पाठीवरच्या टाकीत साधी हवाच असते, मी विचारलं त्याला."

वहिनींचा प्रश्न रास्त होता. टाकीत हवा साधीच. पण दहा मीटर खाली गेलात की अंगावरचा दाब दुप्पट होतो, आणि श्वासात येणारी हवाही तितकीच दाबून येते. प्रत्येक घोटात दुप्पट ऑक्सिजन. जमिनीवर त्या जोरासाठी बेचाळीस टक्के ऑक्सिजनचा मास्क लावावा लागेल. ज्याची फुफ्फुसं धडधाकट आहेत त्याला अर्ध्या तासाने काही होत नाही. ब्लिओ राहून गेलेल्या फुफ्फुसांबद्दल मात्र कुणी छातीठोक सांगत नाही, म्हणून आधी तपासायचं. त्यात व्रण असतील तर दाब बदलताना हवा अडकून राहायचीही भीती, ती वेगळीच.

"म्हणजे बंदी नाही. तपासणी आहे," वहिनी जरा हिरमुसून म्हणाल्या. बंदीची बातमी जास्त चांगली होती.

मग त्यांनी आवाज खाली आणला. तारेवर इतक्या वाकल्या की पदर काट्यात अडकला. "ताई, एक विचारू? तिसऱ्या महिन्यापासून चारातली एक बाटली यायची बंद झाली होती. तीनच. दादा म्हणाला डॉक्टरांनी कमी केली. पण आमच्या जाऊबाई म्हणत होत्या, औषध संपलं असेल आणि सांगत नसतील. नाहीतर मधेच विकत असतील."

बघा. पोरगा बरा होऊन तीन वर्षं झाली, आणि ही बाटली अजून रांगेत फिरतेय.

"कुठली कमी केली, विचारलंत?"

"तेव्हा अक्षरं कुणाला कळत होती."

"बी-च असणार. दोन महिन्यांनी पेट स्कॅन केला होता ना? स्वच्छ आला म्हणून तुम्ही पेढे वाटले होते. 2016 मध्ये इंग्लंडकडच्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल लागला. दोन चक्रांनंतर स्कॅन स्वच्छ असेल तर पुढच्या चार चक्रांतून ब्लिओ वगळली तरी आजार जवळजवळ तितकाच आटोक्यात राहतो, आणि फुफ्फुसाचा त्रास कमी होतो. म्हणून तिला रजा दिली. चोरी नाही, काटकसर नाही. उलट त्याच्या फुफ्फुसांवर उपकार केले."

वहिनींनी पदर काट्यातून सोडवला. एक धागा निघालाच. "म्हणजे त्याला ब्लिओ चारच वेळा मिळाली."

"पंधरा दिवसांनी एक, दोन महिने. चारच. मग तपासणीत सगळं ठीकच निघेल बहुतेक."

"निघू दे हो." त्या थोडा वेळ धाग्याकडे बघत राहिल्या. मग अगदीच कुजबुजीत, "ताई, कुणाला बोलणार नसाल तर सांगते. तो सिगारेट ओढतो."

"माहितीये."

"तुम्हाला कसं?"

"दिवाळीत आला होता तेव्हा. स्टेशनजवळच्या टपरीवर. मला बघून हात मागे घेतला."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?" वहिनींचा चेहरा असा झाला की ब्लिओने केलं ते परवडलं. पोराच्या फुफ्फुसांपेक्षा ही बातमी माझ्याकडे तीन महिने पडून होती याचं दुःख मोठं होतं. मी सांगायला लागले, की ब्लिओ घेतलेल्याने सिगारेट ओढणं म्हणजे आधीच दुखावलेल्या ठिकाणी रोज मीठ चोळणं, डॉक्टर तर पहिली तीच बंद करायला सांगतात. पण त्यांनी ब्लाउजमधून मोबाइल काढला होता आणि नंबर लावलाही होता. स्पीकरवर. आमच्यात लपवालपवी नाही.

"काय रे, फुफ्फुसाची तपासणी कधी आहे?"

"गुरुवारी, आत्या. का?"

"गुरुवारी. बरं. आणि बोटीतून किल्ला बघायला डॉक्टरांची बंदी नाही, माहितीये ना? सिंधुदुर्ग बघ, सोलकढी पी, मजा कर. बुडीचं रिपोर्ट आल्यावर बघू. आणि एक विचारू? किती ओढतोस?"

पलीकडे शांतता. कुठेतरी रिक्षा गेली.

"दोनच, आत्या."

"दोन दिवसाला की दोन तासाला?"

पोराने फोन कापला.